वळण लावलेली मुलगी

मथुराबाईंना सगळं खपत असे, पण वळण नसलेलं मूल खपत नसे. पोर चोरटं असो, तोतरं असो, डोकं उवांनी भरलेलं असो, त्या पदर खोचून बसत आणि त्याला माणसात आणत. मात्र तेच पोर एखाद्या वडीलधाऱ्याला अरेतुरे करताना कानावर आलं, की बाईंच्या कपाळावरची शीर उभी राही. मुलींच्या शाळेत अर्धं आयुष्य मास्तरीणकी केलेली विधवा बाई. सोलापुरातल्या किती घरांतल्या सुना त्यांच्या हाताखालून गेलेल्या. नवी पेठेत त्या समोरून येताना दिसल्या, की बांगड्या भरायला बसलेल्या मोठाल्या बायका चटकन डोक्यावरचा पदर सारखा करीत.

शाळा सुटली की त्यांच्या दोन खोल्यांत दुसरी शाळा भरे. तिथली मुलं कुणी मारलेली, कुणी पळवून आणून सोडलेली, कुणी नको त्या माणसाच्या तावडीतून सुटलेली. गिरणीच्या चाळींतून लोक त्यांना आणून सोडत आणि म्हणत, बाई, याचं काय करायचं ते तुम्हीच बघा. फौजदारालाही असलं पोर ठाण्यात नको असे. तेही इकडंच येई. बाई त्यांना भाकरी घालत, जखमा धूत, आणि चार दिवस गेले की वळण लावायला घेत. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं जगापुढं इतकं नीट उभं राहावं, की जगालाच लाज वाटावी. जगाला लाज वाटते यावर त्यांचा विश्वास होता. सगळा घोटाळा तिथंच झाला.

इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला ते तीस साल उलटून दोन-तीन उन्हाळे झाले असतील. एका दुपारी शाळेच्या नळावर एक परकी मुलगी पाणी प्यायला आली आणि पाणी पिऊन झालं तरी गेलीच नाही. नऊ-दहा वर्षांची असेल. सावलीत बसली होती, पण भिंतीला पाठ टेकत नव्हती. बाईंनी ते पाहिलं. तिला आत नेलं, कोमट पाण्यानं पोलकं भिजवून भिजवून पाठीवरून सोडवलं. तापलेल्या उलथन्याचे डाग होते. जुन्यावर नवा दिलेला होता.

कुणी केलं म्हणून विचारलं, तेव्हा पोरगी एकच शब्द बोलली. "बश्यानं."

हा बश्या म्हणजे बसप्पा, सुताचे मोठे व्यापारी. पुढं दुकान, मागं घर, दारात टांगा. तालमीला त्यांचा हात सैल, देवळाला सैल, आणि मुलींच्या शाळेच्या समारंभात बक्षिसं वाटायला दर वर्षी तेच. हमालापासून कचेरीतल्या हेडक्लार्कापर्यंत सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे. मथुराबाईसुद्धा म्हणत. गावानं एकदा एखाद्याला अप्पा म्हटलं की त्याच्या घरात चुलीवर काय तापतं ते बघायला कुणी जात नाही.

पोरीचं नाव काशम्मा. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका कानडी गावची. आई गेलेली, बाप कल्लप्पा लोकांची मेंढरं राखायचा. पोटाला आणि अंगाला मिळेल म्हणून त्यानं तिला बसप्पांच्या घरी तान्हं मूल सांभाळायला आणून ठेवलं होतं. तान्हं रडलं की मालकांची दुपारची झोप मोडे. झोप मोडली की उलथनं चुलीत जाई. एवढं सांगायला काशम्माला मराठीचे फार शब्द लागले नाहीत. घरातली सगळी बघत असत, आणि बघून आपापल्या कामाला लागत.

बाईंनी वेळ दवडला नाही. सरकारी दवाखान्यात नेऊन डाग दाखवले, डॉक्टरांकडून लिहून घेतलं, आणि आबासाहेब वकिलांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. आबासाहेब तरुण, हुशार आणि बाईंच्या एका लाडक्या विद्यार्थिनीचे यजमान. नाही म्हणायची त्यांची छातीच नव्हती. बसप्पांचं नाव ऐकून त्यांनी डोकं खाजवलं, पण फिर्याद दाखल केली. सगळी मदार मात्र मुलीच्या साक्षीवर आहे, घरातलं दुसरं कुणी तोंड उघडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खटला उभा राहिला तर बसप्पांना शिक्षा होईल आणि मुलगी बाईंपाशी राहील. नाही उभा राहिला तर ती कुठं जाईल ते कोर्ट ठरवील.

काशम्माला यातलं एवढंच कळलं. रोज भाकरी खाताना ती विचारी, "परत तितं न्हाय ना धाडनार?" आणि बाई रोज म्हणत, मी आहे ना.

मूल गुणाचं होतं. पाठ भरत आली तशी ती दळणाला हात लावू लागली, धाकट्यांची नाकं पुसू लागली. अक्षरंही पटापट उचलली. फक्त बसप्पांचं नाव निघालं की तिच्या तोंडून बश्याच येई. त्यांच्यासमोर असताना ती सगळ्यांसारखी त्यांना अप्पाच म्हणायची. पण डाग बसला त्या रात्रीपासून पोरीनं मनातल्या मनात त्यांचं हे नाव पाडलं होतं आणि जपून ठेवलं होतं. त्या घरातून येताना तिनं तेवढंच काय ते आपलं असं बरोबर आणलं होतं.

बाईंना ते कसं सोसावं? आणि नुसतं सोसण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी जगाचे पावसाळे पाहिले होते. पोर भर कोर्टात बश्या म्हणाली की पलीकडचा वकील तेवढंच धरून बसणार, ही उद्धट आहे, तोंडाळ आहे, हिच्यावर कोण विश्वास ठेवतो म्हणणार, हे त्यांना दिसत होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. शहाणी माणसं चुकतात ती अशी, अगदी बरोबर हिशेब करून.

म्हणून त्यांनी तिला पाटावर समोर बसवलं आणि सांगितलं, मोठ्या माणसाचं नुसतं नाव घ्यायचं नाही. काय म्हणायचं? अप्पा म्हणायचं. अप्पांनी डाग दिला, असं म्हणायचं.

काशम्मानं मान हलवली. "त्यो माजा अप्पा न्हाय. माजा अप्पा गावाला हाय की."

कानडीत बापाला अप्पा म्हणतात हे सोलापुरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मथुराबाईंनाही ठाऊक होतं. त्यांच्या बोळात निम्मी घरं कानडी बोलणारी, भाजीवाली कानडी, दूधवाला कानडी. पण बाईंना स्वतःला ती भाषा येत नव्हती आणि शिकावी असं कधी वाटलंही नव्हतं. जो तो त्यांच्याशी मराठीतच बोले. पोरीचं बोलणं त्यांना हट्ट वाटलं. हे लाडाकोडाचं बोलणं नव्हे, मानाचं बोलणं आहे, असं त्यांनी तिला समजावलं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, तूही म्हणायचंस.

काशम्मा अडून बसली. बाईंनी तिला मारलं नाही, त्या कुणाला मारत नसत. त्या नुसत्या बोलेनाशा होत, आणि ते माराहून वाईट होतं. दोन दिवस बाई तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी केर काढता काढता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "अप्पांनी डाग दिला." बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं.

मग बाकीचंही शिकवलं. कोर्टात गेल्यावर नमस्कार करायचा. मधे बोलायचं नाही. मोठ्या माणसाकडं बोट करायचं नाही. दाखवायचंच झालं तर हात जोडून दाखवायचं. पोरगी सगळं शिकली. आबासाहेब एकदा येऊन तालीम बघून गेले आणि खूश झाले. एकच बदल त्यांनी सुचवला. मुलीचं मराठी अजून कच्चं आहे, घाबरली तर अडखळेल. तेव्हा तिनं आपल्या कानडीतच सांगावं, कोर्टाला दुभाषी असतो. बाईंना हे पटलं. आपल्या बोलीत मूल कसं मोकळं बोलेल, असं त्याच आबासाहेबांना म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी काशम्माची वेणी घट्ट घातलेली, परकर-पोलकं धुतलेलं, कपाळाला कुंकू. आरोपीच्या पिंजऱ्यात बसप्पा जरीचा रुमाल बांधून उभे होते, समारंभाला यावेत तसे. मागच्या बाकावर कल्लप्पा बसला होता. त्याला पलीकडच्या वकिलानं समन्स पाठवून गावाहून आणवलं होतं. का आणवलं, ते आबासाहेबांना कळेना. घोंगडं मांडीवर घेऊन तो लेकीकडं बघत होता, आणि लेक त्याच्याकडं बघून किती दिवसांनी तरी हसली होती.

मॅजिस्ट्रेट कोकणातून नवेच बदलून आलेले. त्यांना कानडीचा गंध नव्हता. दुभाषी म्हणून कोर्टातलाच एक कारकून उभा राहिला. मानेवर खडा ठेवून काम करणारा, शब्दाला शब्द देणारा, इकडचं तिकडं करील तर शपथ. तो कुणाचा विकलेला नव्हता. असता तर बरं, निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

काशम्मानं नमस्कार केला. साहेबांना बरं वाटलेलं दिसलं. पाठीवर डाग कुणी दिला, असं आबासाहेबांनी विचारलं. तिनं कानडीत, स्वच्छ आवाजात उत्तर दिलं. त्यातला एक शब्द मथुराबाईंनाही कळला, अप्पा, आणि त्यांनी समाधानानं मान डोलावली.

दुभाष्यानं घसा साफ केला. "बापानं दिला, म्हणते."

क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही. मग पलीकडचा वकील सावकाश उठला. त्यानं काही खटपट केली नाही. वाढलेलं ताट समोर आलं होतं, त्याला फक्त हात धुऊन बसायचं होतं. त्यानं गोड आवाजात मुलीला विचारलं, बाळ, तुझ्या अप्पाचं नाव काय?

"कल्लप्पा," काशम्मा म्हणाली. खोटं कशी बोलेल?

आणि डाग अप्पानं दिला?

"हौदु." म्हणजे हो. तेही खरंच होतं.

आबासाहेब ताडकन उभे राहिले. त्या घरात आरोपीलाच अप्पा म्हणतात, अख्खं गाव म्हणतं, असं ते कळवळून सांगू लागले. साहेब म्हणाले, वकिलांनी साक्ष द्यायची नसते, मुलीनं द्यायची असते. तरी माणूस अगदीच कोरडा नव्हता. त्यांनी दुभाष्याकरवी मुलीला सांगितलं, की ज्यानं डाग दिला त्याच्याकडं बोट कर.

काशम्मा पिंजऱ्याकडं वळली. तिचा उजवा हात थोडा उचलला गेला. मग तिला आठवलं. तिनं दोन्ही हात जोडले आणि बसप्पांना वाकून नमस्कार केला.

कोर्टात मागं कुणीतरी हसलं. बसप्पांनीही पिंजऱ्यातून हात जोडले. वकील म्हणाला, साहेबांनी याची नोंद घ्यावी. ज्यानं भाजलं त्याला कुठलं मूल नमस्कार करतं? साहेबांनी नोंद घेतली.

एकच वाट उरली होती. आबासाहेबांनी विनवून विचारलं, की मुलीनं डाग देणाऱ्याचं नाव सांगावं, नुसतं नाव. दुभाष्यानं विचारलं. काशम्माच्या ओठांवर ते आलं असावं. ब म्हणायला ओठ मिटले ते मथुराबाईंनी पाहिले. पण वळण लागलेली मुलगी परवानगीवाचून मोठ्यांचं नाव घेत नाही. तिनं मान वळवून बाईंकडं पाहिलं, घेऊ का म्हणून.

"बघा साहेब," वकील म्हणाला, "कुणाकडं बघून बोलते बघा. पढवलेली पोपटीण आहे."

साहेबांनी बाईंना दटावलं. साक्षीदाराला खाणाखुणा केल्या तर बाहेर घालवीन, असं म्हणाले. आयुष्यात बाईंना असं कुणी दटावलं नव्हतं. आता मान हलवली तर खटला जातो, हे त्यांना कळत होतं. न हलवली तर काय जातं, तेही कळत होतं. त्यांनी खाली पाहिलं. बाई खाली बघू लागल्या म्हणजे रागावल्या आहेत, दोन दिवस बोलणार नाहीत, एवढंच त्या पोरीला माहीत होतं. तिनं ओठ मिटले ते मिटलेच.

मग कल्लप्पाला पुढं बोलावलं. त्याला आधी काही समजेचना. समजल्यावर त्यानं साहेबांपुढं हात जोडले. "म्या लेकराला बोट न्हाय लावलं, साहेब. तिला इचारा की," तो म्हणाला, आणि लेकीकडं वळून कानडीत काहीबाही बोलत राहिला. काशम्मा रडायला लागली. बाप बोलल्यावर मुलगी रडली, घाबरली, हेही साहेबांनी लिहून घेतलं. बाप नाही म्हणणारच, असं सगळ्यांचं मत पडलं. पोरगी गावाहून आली तेव्हाच तिच्या पाठीला डाग होते, घरच्यांनी तेल-हळद लावली, असं बसप्पांच्या वकिलानं सांगितलं. ते आता कुणालाच खोटं वाटेना. डॉक्टरांच्या कागदावर डाग होते, ते किती जुने ते नव्हतं, आणि डाग देणाऱ्याचं नावही नव्हतं.

निकाल त्याच दिवशी झाला. बसप्पा निर्दोष सुटले. कल्लप्पाची पोलिसांनी चौकशी करावी आणि मुलगी त्याच्या ताब्यात देऊ नये, असं ठरलं. मथुराबाई उठून उभ्या राहिल्या आणि मुलगी मी सांभाळते म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा निघाला नाही. साहेब त्यांना सौम्यपणे म्हणाले, तुमचा हेतू चांगला असेल बाई, पण तुमच्याकडं राहूनच हिनं एका भल्या गृहस्थावर भलतं बालंट आणलं. तेवढ्यात वकिलानं सांगितलं, की झालं गेलं विसरून आमचे अशील या अनाथ पोरीला पुन्हा आसरा द्यायला तयार आहेत, पोटच्या पोरीसारखी ठेवतील. साहेबांनी चष्मा काढला. अशी माणसं अजून आहेत म्हणून जग चाललंय, असं ते म्हणाले, आणि त्यांनी तसा हुकूम केला.

आबासाहेब कागद गोळा करत राहिले. अपील करू म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. त्या काशम्माकडं गेल्या तर ती पट्टेवाल्याशेजारी उभी होती. आपल्याला कुठं नेणार ते तिला कुणी अजून सांगितलं नव्हतं, पण पोरीला मराठी तेवढं कळत होतं. तिनं बाईंचा पदर धरला नाही. तिनं विचारलं, "मी नीट बोलले न्हवं?"

नीट बोललीस, बाई म्हणाल्या. दुसरं काय सांगणार? बोलली तर ती नीटच होती. त्यांनी शिकवलं तसं, एक शब्द न चुकता. तिच्या केसाला धक्का लागू देणार नाही असं ज्यांनी रोज भाकरीच्या वेळी सांगितलं, त्यांनीच तिच्या हातातलं एकुलतं एक हत्यार काढून घेतलं होतं, तेही लाडीगोडीनं, दोन दिवस अबोला धरून. आपण उलथनं तापवलं नाही, एवढंच, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांना खरं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात लोकांनी बसप्पांना हार घातला होता. पायरीच्या कडेला कल्लप्पा घोंगड्यात तोंड घालून बसला होता आणि एक शिपाई त्याला ऊठ म्हणत होता. टांगा पुढं आला. काशम्माला आत बसवलं. बसप्पा चढता चढता थांबले, परत फिरले आणि मथुराबाईंसमोर येऊन हात जोडून उभे राहिले.

"बाई, पोरीला वळण मात्र लई चांगलं लावलं तुमी," ते म्हणाले. "आमच्या घरात कुणाला हे जमलं नसतं."

ती कुचेष्टा होती की खरंच कौतुक होतं, ते बाईंना ओळखता आलं नाही. त्यांना त्या माणसाच्या तोंडावर थुंकायचं होतं. बश्या म्हणायचं होतं, भर कचेरीत, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. शब्द त्यांच्या घशापर्यंत आला. पण जन्माची सवय ती, अशी एका दुपारीत जाते थोडीच. त्यांचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडं गेला, मान लवली, आणि तोंडातून निघून गेलं, "या, अप्पा."

टांग्यात बसलेल्या काशम्मानं ते ऐकलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.